मंगळावर 'जीवन' तर कधीच सापडलंय

प्रश्न आलाय की बातम्यांत कधी 'मंगळावर जीवन' लिहितात, कधी 'जीवसृष्टी', कधी नुसतं 'सजीव', तर हे तिन्ही एकच का? आणि एलियनला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

एकच नाहीत. 'मंगळावर जीवन सापडण्याची शक्यता' हे वाक्य कानावर पडलं की माझा जीव वरखाली होतो. आता बघा, जीव वरखाली होतो, जीवन होत नाही. जीव टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, जिवात जीव येतो, यातल्या एका तरी ठिकाणी 'जीवन' घालून दाखवा. मराठीत जीवन म्हणजे जगणं, आयुष्य, वैवाहिक जीवन, सार्वजनिक जीवन वगैरे. त्यामुळे 'मंगळावरील जीवन' वाचलं की मला वाटतं तिथली मंडळी सकाळी किती वाजता उठतात त्याची माहिती आलीय. एखादाच सूक्ष्मजीव सापडला तर 'सजीव', पसारा सापडला तर 'जीवसृष्टी', झालं उत्तर. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने तपासलेल्या त्या बिबट्यासारखे ठिपके असलेल्या खडकाबद्दल २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नासावाले अगदी जपून 'संभाव्य जैवखूण' म्हणत होते, म्हणजे हे जिवाणूंचं काम असू शकतं आणि निव्वळ रसायनांचंही असू शकतं, आणि आमच्याकडे लगेच 'जीवन सापडलं'!

पण गंमत अशी की ज्यांनी ते लिहिलं ते चुकून बरोबर आहेत. कारण संस्कृतात जीवन म्हणजे पाणी. अमरकोशात पाण्याच्या नावांची जी माळ आहे तिच्यात 'पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्' असा चरण येतो. म्हणजे मंगळावर जीवन आहेच, ध्रुवांवर ढिगाने आहे. चंद्रावरही आहे, चांद्रयान-१ वरच्या उपकरणाला त्याच्या खुणा दिसल्याचं २००९ मध्येच जाहीर झालं. सजीव मात्र दोन्हीकडे अजून एकही सापडलेला नाही.

यावर एका संस्कृतच्या जाणकारांनी मला ऐकवलं होतं की त्या माळेत कमल आणि अमृतसुद्धा पाणीच आहे, छंदात बसवायला कवींना पर्याय लागतात, त्याचा एवढा बाऊ कशाला. मला हे अजिबात पटलेलं नाही. कमलचं ते काय ते पाहून घेतील, पण 'जीवन' शब्दाची घडणच बघा ना. जीव् हा धातू आणि त्याला 'अन' प्रत्यय. हा 'अन' दोन कामं करतो. एक तर क्रिया सांगतो, जसं गमन, पठन. आणि दुसरं, ती क्रिया जिच्या जोरावर होते ती वस्तू सांगतो. ज्याने वाहून नेतात ते वाहन, ज्याने चालतात ते चरण, ज्याने बोलतात ते वदन, आणि खुद्द 'साधन' हा शब्द. वाहन म्हणजे प्रवास नव्हे, नुसती उभी असलेली गाडी पण वाहनच असते, तसंच जीवन म्हणजे जीव नव्हे, ज्याच्या जोरावर जगता येतं ते जीवन. कोणी नसलं तरी ते तिथे असू शकतं. हा कवीचा चाळा नाहीये, हे व्याकरण आहे. (आणखी एकाने 'जीव अधिक वन' अशी फोड करून दाखवली होती कारण वन म्हणजेही पाणी. अहो मग शब्द 'जीववन' झाला असता, मधला एक व कुठे सांडला?)

आता हे डोक्यात ठेवून पृथ्वीबाहेरच्या सजीवांचा शोध कसा चालतो ते बघा. सजीव सहसा कोणी थेट शोधत नाही, बहुतेक सगळे जीवन शोधतायत, माझ्या अर्थाने. नासाच्या मंगळमोहिमांचं कित्येक वर्षं घोषवाक्यच होतं, पाण्याचा माग काढा. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला जिथे उतरली त्या विवराचं नाव जेझेरो, बोस्नियातल्या एका गावावरून ठेवलेलं, आणि तिकडच्या भाषांत जेझेरो म्हणजे तळं. तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी खरोखर तळं होतं आणि तो ठिपक्यांचा खडक त्या तळ्यात येणाऱ्या नदीच्या जुन्या पात्रातला.

मला सगळ्यात आवडतो तो फिनिक्सचा किस्सा. २००८ मध्ये ते यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाच्या बाजूला उतरलं, यांत्रिक हाताने एक चर खणला, आणि चराच्या तळाशी पांढरे खडे दिसले, सोंगट्यांच्या फाशाएवढे. मीठ की बर्फ, कोणालाच खात्रीने सांगता येईना. चार दिवसांनी त्याच जागेचा फोटो घेतला तर खडे गायब. ओल नाही, डाग नाही, तिथल्या विरळ हवेत बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, शाळेत ज्याला संप्लवन म्हणतात ते. मीठ असं उडून जात नाही, म्हणजे बर्फच. जीवन होतं, उघड्यावर पडलं आणि गेलं.

आणि १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली नासाची व्हायकिंग यानं! त्यांच्यावरच्या एका प्रयोगात मंगळाच्या चिमूटभर मातीवर पोषकद्रव्यं घातलेल्या पाण्याचे थेंब सोडले, त्यातला कार्बन किरणोत्सारी, म्हणजे कोणी ते खाऊन वायू सोडला तर लगेच कळावं. शब्दशः मातीला जीवन पाजलं. वायू आला पण! पण दुसऱ्या उपकरणाला मातीत सजीवांना लागणारे सेंद्रिय रेणू सापडेनात, म्हणून बहुतेकांनी हा मातीतल्या रसायनांचा खेळ ठरवला, आणि पुढे याच फिनिक्सला मातीत परक्लोरेट, म्हणजे भरपूर ऑक्सिजन असलेला एक क्षार, सापडल्यावर रसायनांच्या बाजूला आणखी बळ आलं. प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की आम्हाला सजीव सापडले होते. म्हणजे पाणी पाजणं सोपं, प्यायलं कोण ते ठरवणं अवघड.

आता त्या 'हॅबिटेबल झोन'बद्दल. याचं भाषांतर 'राहण्यायोग्य पट्टा' असं सर्रास करतात आणि मग लोक विचारतात कधी जायचं. ताऱ्यापासून ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल तेवढा पट्टा, इतकाच त्याचा अर्थ, राहण्याबिहण्याचा काही संबंध नाही. याला 'जीवनपट्टा' म्हणा की! पाण्याचा पट्टा, आणि 'जीवन'चा दुसरा अर्थ घेणाऱ्याचंही समाधान. परिभाषा ठरवणाऱ्या मंडळींना मात्र 'अधिवासयोग्य क्षेत्र' असलं काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, जे म्हणताना दात हलतात.

(१८७७ मध्ये शियापरेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने मंगळावर 'कनाली', म्हणजे ओहोळ, पाहिले आणि इंग्रजीत त्याचे कालवे झाले ही गोष्ट कोणीतरी काढणारच, म्हणून एवढंच सांगतो की ओहोळ आपोआप होतो आणि कालव्याला खणणारा लागतो, त्या एका शब्दाने मंगळावर खणणारे येऊन बसले.)

हो, एलियन राहिला. 'परजीवी' अजिबात नको, हे मी खरंच छापलेलं पाहिलंय. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, जंत, गोचीड, बांडगूळ. 'परग्रहवासी' चालतो, रुळलाय, माझी हरकत नव्हती. पण आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं की सगळ्यात जास्त आशा जिथे आहे त्यातल्या दोन जागा, युरोपा आणि एन्सिलाडस, ग्रह नाहीतच. पहिला गुरूचा उपग्रह, दुसरा शनीचा. दोघंही सूर्याच्या जीवनपट्ट्याच्या कितीतरी बाहेर, तरी बर्फाच्या कवचाखाली समुद्र, कारण त्या मोठ्या ग्रहांच्या ओढीने ते सतत आवळले-सैलावले जातात आणि आतून गरम राहतात. एन्सिलाडसच्या दक्षिण ध्रुवावरून तर पाण्याचे फवारे बाहेर उडतात, कॅसिनी यानाने ते २००५ मध्ये पाहिले, आणि त्याच यानाच्या माहितीतून २०२३ मध्ये त्या पाण्यात सजीवांना लागणारं फॉस्फेट असल्याचं कळलं. युरोपाकडे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपा क्लिपर हे यान निघालंय. तिकडे कोणी सापडलंच तर त्याला 'परउपग्रहवासी' म्हणणार का? मला तरी अजून सुचलेलं नाही, कोणाला सुचलं तर सांगा, फक्त 'अवकाशीय जीवन' म्हणू नका.