चॅम्पियन गाडी घेतोय? आधी चासी नंबर बघ
भो, तू परदेशातून घेतोय त्या चॅम्पियन रेसकारचे फोटो भारीच आहेत, पण चॅम्पियनशिप मिळते ड्रायव्हरला नाहीतर टीमला, आणि टीमकडे गाड्या दोन-तीन असतात, म्हणून जिंकलेल्या रेसच्या रेकॉर्डमधला चासी नंबर गाडीवरच्या प्लेटशी जुळव, नाहीतर जिंकली एक आणि तू घेशील तिची बहीण. इंजिन, गिअरबॉक्सचं लॉगबुक माग, इथे किलोमीटर नाही, तास मोजतात. फ्युएल सेलची, म्हणजे रेसकारच्या पेट्रोल टाकीची, रबरी पिशवी न् सीटबेल्टवर तारीख असते, एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) हिशोबाने साधारण 5 वर्षं, मग चकाचक दिसले तरी बाद. स्पेअर्स सोबतच घे, जळगावात कोण देणार? आणि 3 वर्षांवरची जुनी गाडी भारतात सहसा इम्पोर्टच होत नाही, तेव्हा ती परदेशातच ठेवायचा खर्च आधी विचार.