वाचकांचे प्रश्न : रुग्णसेवेतून जडणारा क्षयरोग

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. आमच्या एका सिस्टरला नुकताच फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. 'बीसीजी टोचलेली आहे, मास्कही लावता, मग घाबरता कशाला?' असे वरिष्ठ म्हणतात. माझे वजन थोडे उतरले आहे, खोकला मात्र नाही. मी काय करावे?

उत्तर : आपली भीती रास्त आहे. बीसीजी लस लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. प्रौढांच्या फुप्फुसांना तिचा भरवसा नाही. सर्जिकल मास्क खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडावर हवा. क्षयाचे जंतू वाहणारे सूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि अशा मास्कच्या कडेच्या फटींतून आत जातात, म्हणून आपल्याला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो.

मात्र औषधे नीट चालू असलेल्या रुग्णापेक्षा, निदानच न झालेल्या रुग्णाकडून अधिक धोका असतो. ऊसतोडीहून परतलेला, महिनाभर खोकणारा माणूस 'ताप' म्हणून जनरल वॉर्डात भरती होतो आणि अहवाल येईपर्यंत त्याला सलाइन लावणारी, बेडक्यासाठी डबी देऊन समोर उभी राहणारी सिस्टरच असते. बेडका वॉर्डात नव्हे, बाहेर उघड्यावर घ्यावा आणि खोकणाऱ्याची खाट पहिल्याच दिवशी वेगळी करावी. हे काम प्रशासनाचे आहे, ते सिस्टरांच्या मास्कवर ढकलू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे झळांमुळे खिडक्या लावून घेतात. कूलर खिडकीत बसवून समोरची खिडकी उघडी ठेवली, तर बाहेरची हवा आत येऊन खेळती राहते. तोच बंद वॉर्डाच्या मधोमध ठेवला, तर दूषित हवाच फिरत राहते.

वजन उतरले असल्याने आपण खोकल्याची वाट पाहू नये. छातीचा एक्स-रे, बेडका निघत असल्यास सीबीनॅट (बेडक्यात क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी) आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहात हा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. जंतू शिरलेल्या शंभरांतील ५ ते १० जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो, पण पहिली दोन वर्षे जास्त जोखमीची असल्याने तपासणी एकदाच करून थांबू नये. प्रतिबंधक गोळ्या स्वतःहून मुळीच सुरू करू नयेत; आजार नाही याची खात्री झाल्यावरच डॉक्टर तो निर्णय घेतील.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत क्षयरोगाचे नाव आहे. आपल्या सहकारी सिस्टरने ड्यूटीचे तक्ते आणि निदानाचे कागद जपून ठेवावेत, रजेचा व भरपाईचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.