पात्यामागची पट्टी

प्रश्न: माझ्या टेबल सॉवर (टेबलातून गोल पातं वर येणारी करवत) खाच पाडताना पात्यावरचा गार्ड आड येतो. आमचे मिस्त्री म्हणतात, गार्ड आणि पात्यामागची पोलादी पट्टी, दोन्ही काढून टाक. काढू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा आणि पट्टी राहू द्या! गार्ड खाचेपुरता काढा, लगेच परत बसवा. पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्याबरोबर वरखाली होते. तिचं टोक पात्याच्या माथ्याहून किंचित खाली असेल तर खाचेला तिची अडचण होत नाही. जुन्या यंत्रांवर तिच्या जागी असतो तो स्प्लिटर उंच आणि जागचा न हलणारा, तो मात्र काढावाच लागतो.

नीट न वाळलेली किंवा ताण धरलेली फळी उभी चिरताना चीर मिटते आणि पात्याला आवळते. मागचे दात वर येत असतात. ते फळी उचलून थेट तुमच्या पोटावर फेकतात. पट्टी चीर उघडी ठेवते. पातं बदलताना मापं बघा: पात्याचं अंग (दात सोडून जाडी) १.८ आणि चीर २.६ मिलिमीटर असेल, तर पट्टी २.२ची चालेल, म्हणजे अंगाहून जाड आणि चिरेहून बारीक. दातांपासून अंतर ३ ते ८ मिलिमीटर. आणि फळीच्या रेषेत उभे राहू नका, जरा बाजूला सरका.