हीमची चाहूल जिवाणूंना कशी लागते?

प्रश्न : रक्तात लोह मुबलक असते. मग हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त रेणू, ओळखण्यासाठी जिवाणूंना वेगळी व्यवस्था कशाला हवी?

उत्तर : रक्तातील लोह मुबलक असले तरी मोकळे नसते. मानवी शरीरातील सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे हीमच्या पॉर्फिरिन वलयाच्या मध्यभागी जखडलेले असते आणि उरलेल्यावर ट्रान्सफेरिन, फेरिटिन यांसारख्या प्रथिनांचा पहारा असतो. त्यामुळे संसर्ग करणाऱ्या जिवाणूच्या दृष्टीने हीम हाच लोहाचा सर्वांत मोठा साठा ठरतो. पण हेच हीम प्रमाणाबाहेर साचले, की ते पेशीपटलात शिरते आणि ऑक्सिजनच्या घातक रूपांना जन्म देऊन मेद व प्रथिनांची हानी करते. म्हणून लोह कमी पडते आहे का आणि हीम जास्त झाले आहे का, या दोन वेगळ्या गोष्टींचा अंदाज जिवाणूला घ्यावा लागतो. या दोहोंची गल्लत झाली, की पुढचे सारेच अवघड वाटू लागते.

प्रश्न : स्टॅफिलोकॉकस ऑरियस या संसर्गकारक जिवाणूमध्ये हे प्रत्यक्षात कसे घडते?

उत्तर : लोह पुरेसे असताना ‘फर’ हे प्रथिन लोहासह डीएनएवर बसून हीम मिळवण्यासाठीची ‘आयएसडी’ गटातील जनुके बंद ठेवते. लोह घटले की फरची पकड सुटते, जनुके चालू होतात आणि पेशीभित्तीवरील प्रथिने हिमोग्लोबिनमधून हीम काढून घेऊन ते एकीकडून दुसरीकडे सोपवत आत पोहोचवतात. आत आयएसडी-जी आणि आयएसडी-आय ही विकरे वलय फोडून लोह मोकळे करतात.

येथवर जिवाणूने ओळखली ती लोहाची टंचाई. हीमचा अतिरेक ओळखण्याचे काम पेशीपटलातील एचएसएस-एस या कायनेजकडे, म्हणजे फॉस्फेट गट जोडणाऱ्या विकराकडे आहे. हीम वाढल्यावर ते स्वतःच्याच हिस्टिडीन या एका अमिनो आम्लावर फॉस्फेट गट चढवते, तो गट एचएसएस-आर या सहकारी प्रथिनाच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाकडे जातो आणि असे सक्रिय झालेले एचएसएस-आर डीएनएला बिलगून जास्तीचे हीम बाहेर टाकणाऱ्या एचआरटी-एबी या पंपाची जनुके चालू करते. त्यामुळेच आधी थोड्या हीममध्ये वाढवलेले जिवाणू नंतर बरीच मोठी मात्रा सोसतात.

2007 मध्ये या यंत्रणेवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ही यंत्रणा निकामी केलेले जिवाणू उंदरांमध्ये दुबळे पडतील अशी अपेक्षा कोणीही केली असती; यकृतात मात्र ते अधिक उग्र ठरले. हीमच्या ताणाखाली आलेला जिवाणू यजमानाची प्रतिकारशक्ती रोखणारी प्रथिने अधिक प्रमाणात स्रवतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

प्रश्न : अशी दोन प्रथिनांची जोडी सर्वच जिवाणूंत असते का?

उत्तर : नाही. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसमध्ये एचआरटी-आर हे एकच प्रथिन पुरते. एरवी ते पंपाच्या जनुकांवर दाब ठेवते आणि हीम त्याला थेट चिकटले की डीएनएवरून सुटते. सोयाबीनच्या मुळांच्या गाठींत राहणाऱ्या ब्रॅडिरायझोबियम या जिवाणूतील आयआरआर या प्रथिनाची तऱ्हा आणखी वेगळी आहे, कारण ते बाहेरून आलेले नव्हे तर पेशीतच तयार होणारे हीम जोखते. लोह पुरेसे असले की फेरोकिलेटेज या हीम बनवणाऱ्या विकराकडून आयआरआरला हीम मिळते आणि त्यानंतर आयआरआरचे विघटन होते. घटसर्पाच्या जिवाणूत तर दोन्ही संकेतांचा मेळ घातला जातो : हीम फोडणाऱ्या विकराचे एचएमयू-ओ हे जनुक पूर्ण जोमाने चालण्यासाठी लोहाची टंचाई आणि हीमची उपस्थिती या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

प्रश्न : काही जिवाणूंतील फिक्स-एल या प्रथिनात हीम असते. मग ते हीम-संवेदक का मानत नाहीत?

उत्तर : कारण तेथे हीम हे साधन आहे, संकेत नव्हे. फिक्स-एल आपल्या हीमच्या मदतीने ऑक्सिजन ओळखते.

प्रश्न : या ज्ञानाचा उपचारांसाठी उपयोग होईल का?

उत्तर : एक दिशा आश्वासक आहे. एचएसएस यंत्रणा जागी करणाऱ्या रेणूंचा शोध घेताना असा एक रेणू सापडला, जो स्टॅफिलोकॉकसच्याच हीम बनवणाऱ्या एका विकराला उत्तेजित करतो. त्यामुळे पेशीत कोप्रोपॉर्फिरिन हा हीमसारखाच वलयाचा, पण लोह नसलेला रेणू साचतो आणि योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडताच तो जिवाणूला मारतो. उंदरांच्या त्वचेवरील संसर्गात याचा परिणाम दिसला आहे. मात्र जेथे प्रकाश पोहोचत नाही, अशा खोल अवयवांतील संसर्गासाठी हा मार्ग उपयोगाचा नाही.