पाळीची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधली माहिती खरंच खाजगी राहते का? कोणतं ॲप वापरावं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे : 'तसं माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, सहज विचारते.' ती ओळ नसती तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडले नसते. हेच वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी मला ऐकवलं होतं आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं. नाही, माहिती आपोआप खाजगी राहत नाही. फ्लो हे या प्रकारातलं सगळ्यात जास्त चालणाऱ्या ॲपपैकी एक. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी वर्तमानपत्राने दाखवून दिलं की बाईने पाळी आल्याची किंवा मूल हवं असल्याची नोंद केली की त्याची खबर फेसबुककडे जात होती. आपण कुणाला काही सांगितलेलं नसतं, पण ॲप बनवणाऱ्यांनी जाहिरातीच्या हिशेबासाठी या मोठ्या कंपन्यांचे तयार कोड आत बसवलेले असतात आणि ते परस्पर कळवत राहतात. फ्लोची कंपनी जाहीरपणे सांगत होती की तुमची आरोग्याची माहिती आमच्यापाशीच राहील. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, म्हणजे एफटीसीने, २०२१ मध्ये फ्लोला तडजोड करून सोडलं, दंडाचा एक डॉलरही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने याच प्रकरणात फेसबुकवाल्या मेटाला दोषी धरलं. प्रीमॉम नावाच्या दुसऱ्या ॲपला २०२३ मध्ये एक लाख डॉलर दंड झाला. आपलं बंगळुरूचं माया ॲपही यातून सुटलं नाही. २०१९ मध्ये लंडनच्या प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने तपासलं तेव्हा आपण अटी मान्य करायच्या आधीच ते फेसबुकला निरोप पाठवत होतं. नंतर त्यांनी ते काढलं म्हणून सांगितलं, तेही नोंदवते, नाहीतर एकतर्फी होईल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माजलगावात आमचं औषधाचं दुकान आहे. दुपारी हे जेवून आडवे झाले की गल्ल्यावर मी असते. महालक्ष्म्या जवळ आल्या की पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला बायकांची रीघ लागते. बाई येते, इकडंतिकडं बघते, हळूच म्हणते, 'घरात देवाचं आहे, तेवढी गोळी द्या.' चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, मग ती दुसऱ्या दुकानात जाते. ही गोळी अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. म्हणून भाद्रपद लागला की घरातल्या मोठ्या बायका सुनांच्या तारखा मोजायला लागतात. कंपन्या माहिती गोळा करायला आत्ता शिकल्यात, आमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

एका वर्षी हे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पुण्याहून सणाला आले ते आत्याबाईंसाठी टॅब घेऊन. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना कीर्तन बघायचं होतं. भाऊजी हिंजवडीला आयटीत आहेत, घरातला प्रत्येक फोन त्यांनीच चालू करून दिलेला आणि सगळ्यांना मिळून एकच जीमेल. टॅबलाही तोच. माझ्या फोनवरची ॲप धडाधड तिकडं उतरली. पुतणीला गुलाबी फुलाचं चित्र दिसलं, तिने दाबलं, खालचं गुगलचं बटणही दाबलं. झालं, माझं पाळीचं ॲप टॅबवर चालू.

मी आणि धाकटी जाऊ मागच्या ओट्यावर महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंच लावून घासत होतो. टॅब खिडकीत टेकवून ठेवलेला, कीर्तन रंगात आलेलं आणि वरून पाळीच्या ॲपच्या सूचनेची पट्टी सरकली. इंग्रजीत. आत्याबाईंना इंग्रजी येत नाही. भाऊजींना येतं. त्यांनी ते मोठ्यांदा मराठीत करून सांगितलं.

'अगं बाई, बरोब्बर आवाहनाला यायली की गं तुझी,' आत्याबाई म्हणाल्या. 'आजच्या आज गोळी चालू कर. दुकान घरचंच हाय.'

मी नाही म्हणाले. 'कामून?' तर मागे एकदा याच पायी घेतली होती आणि पुढचा अख्खा महिना अंगावरून जात राहिलं होतं. हे मला चारचौघांत, चिंचेने बरबटलेल्या हातांनी, दिरासमोर सांगावं लागलं. तिथून पुढं सणभर मला सोवळ्यातल्या स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून. पुरण वाटण्यापासून सोळा भाज्यांपर्यंत सगळं धाकटीच्या गळ्यात पडलं आणि ती माझ्यावर फुगली ते वेगळंच. पाळी आवाहनाला आली नाही, पूजनाला नाही, विसर्जनालाही नाही. ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढून तारीख सांगतं, माझी पाळी सरासरीप्रमाणे कधी येतच नाही. पण छापून आलेल्या तारखेपुढे घरात माझं कोण ऐकणार?

रात्री भाऊजींशी वाजलं. त्यांचं म्हणणं, 'वहिनी, दुकानात पॅड कागदात गुंडाळून द्यायचं तुम्हीच बंद केलंत. पोरींना सांगता लाजू नका. मग आईला तारीख कळली तर एवढा राग कशाला? गुगलला कळतंच की सगळं. लपवण्यासारखं आहे काय त्यात?'

तेव्हा पाहुणे होते म्हणून गप्प बसले. इथे सांगते. भाऊजी, पॅड उघडं देते कारण पाळी येणं ही चोरी नाही. पण ती कधी येते, कधी चुकली, नवऱ्याजवळ कधी गेले याचा हिशेब माझा आहे, तो मी सांगेन त्यालाच कळला पाहिजे. तुम्ही तुमचं पॅकेज आजवर आम्हाला कुणाला सांगितलेलं नाही. ते काय लाज वाटते म्हणून? आणि गुगलने मला जाहिराती दाखवल्या असतील, स्वयंपाकघराबाहेर बसवलं नाही.

लपवण्यासारखं काही नाही असं ज्याला वाटतं, त्याच्या माहितीवरून अजून कुणी काही ठरवलेलं नसतं, एवढंच. आमच्या बीड जिल्ह्यात जाऊन विचारा. दसरा-दिवाळीला ऊसतोडीचे कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांची मिळून घेतलेली, आणि बाई पाळीमुळे फडात गेली नाही की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. तिचे दिवस कधी आहेत हे तिच्याइतकंच मुकादमालाही ठाऊक. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं बरीच होती, कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर होते, फडावर पाणी नाही, आडोसा नाही. पण खाडा नको म्हणून पाळीच नको, हेही त्यात होतं. दुकानात या बायका येतात तेव्हा वय विचारलं की पस्तिशीच्या आतलं निघतं. कुठल्याही ॲपविना एवढं होऊ शकतं, तर उद्या एखाद्या कारखान्याच्या, विमा कंपनीच्या नाहीतर नोकरी देणाऱ्याच्या हातात ही माहिती आयती पडली की काय होईल ते तुम्हीच बघा.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. दंड अडीचशे कोटींपर्यंत. ऐकायला झकास. पण आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळा, जास्तीचा दर्जा दिलेला नाही. आणि तिसऱ्या कलमात सरळ म्हटलंय की घरगुती कामासाठी कुणी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. म्हणजे आमच्या ओट्यावर तो चढतच नाही. शिवाय अठराच्या आतल्या मुलीला असं ॲप वापरायचं तर आईबापाची संमती लागणार.

अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल २०२२ मध्ये फिरल्यावर बायकांनी ही ॲप भराभर काढून टाकली, पोलीस नोंदी मागतील या भीतीने. आपल्याकडे गर्भपात १९७१ पासून कायद्याच्या चौकटीत होतो आणि बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे, त्यामुळे ती भीती इथे जशीच्या तशी आणू नका. आपली भीती घरातल्या चार्जिंगच्या टेबलावर पडलेली असते.

कोणतं ॲप, तर खातं न मागणारं. ड्रिप नावाचं आहे, नोंदी फोनमध्येच ठेवतं, वेगळा पासवर्ड लावता येतो, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. फोन हरवला तर मात्र नोंदी गेल्या, अधूनमधून स्वतः दुसरीकडे उतरवून ठेवायच्या. गुगलने किंवा फेसबुकने लॉगिन करूच नका. पट्टी येणं बंद करा. फोनच्या सेटिंगमध्ये गुगलच्या जाहिरातींच्या भागात जाऊन जाहिरात आयडी पुसून टाका. आणि आधीचं ॲप नुसतं फोनवरून उडवून भागत नाही, आत जाऊन खातं पुसायचा पर्याय शोधा, नोंदी कंपनीकडे असतात. पतीला जोडून घ्यायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती मी तरी घेणार नाही.

माझी आई कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब देत असे, दुधाच्या खाड्यांच्या खुणांमध्ये बेमालूम मिसळलेलं. बाबांना तो दुधाचाच हिशेब वाटायचा. मीही आता तेच करते.

पण माझं ऐकून लगेच ॲप काढू नका हो. पीसीओडी असेल, दिवस राहायला अडचण येत असेल, पाळी फार लांबत असेल तर नीट ठेवलेल्या नोंदी डॉक्टरांच्या फार कामाच्या असतात, टिंबावरून त्यांना काही कळत नाही. आणि सगळ्याच घरांत आमच्यासारखं नसतं. आत्याबाईही वाईट नाहीत, माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच केलं. त्यांच्या तारखा त्यांच्या सासूने मोजल्या होत्या.

भाऊजींनी त्यानंतर प्रत्येकाला वेगळा जीमेल काढून दिला. चुकलं असं काही म्हणाले नाहीत.

आणि खाली कुणी त्या गोळीचं नाव विचारू नका, सणाच्या आधी विचारणारे येतातच. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही. डॉक्टरांकडे जा, चिठ्ठी आणा.