तारेवरची पांढरी भुकटी

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला माझ्या भावाने लव्हबर्डची जोडी आणली. एक हिरवा, एक पिवळा, पंखांवर काळ्या रेघा. पिंजरा गोल, साध्या तारेचा आहे. घर लहान, म्हणून तो खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये टांगलाय. दोन पावसाळ्यांत तारेवर पांढरी भुकटी धरली आहे आणि हिरवा दिवसभर तीच तार चावत बसतो. रंग मारून घेऊ की नवा पिंजरा घेऊ? भाऊ म्हणतो, मोठा घेतलास तर एक पोपटही ठेवता येईल. — एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, रंग मारू नका, नवाच घ्या. तुमचे पक्षी म्हणजे बजी, मूळचे ऑस्ट्रेलियातले. दुकानात त्यांना लव्हबर्डच म्हणतात. बजी पिंजऱ्यात चढतो तो चोचीने तार धरून, मग एकेक पाय वर घेत. म्हणजे तारेवर जे असेल ते दिवसभर त्याच्या तोंडात जातं. तुमच्या तारेला जस्ताचा मुलामा आहे. आपल्या दमट हवेत त्या जस्तालाच पांढरा गंज चढतो, आणि जस्त पोटात गेलं की पक्ष्याला विषबाधा होते. वरून मारलेल्या रंगाचे पोपडे निघतील, तेही तो खाईल.

नवा पिंजरा येईपर्यंत एवढं आजच करा. पक्षी जाळीच्या खोक्यात काढा, तार व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. धोका कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

नवा घेताना उंचीला भुलू नका. बजी आडवा उडतो. जोडीला निदान ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच असा चौकोनी पिंजरा हवा. दोन गजांमधली फट अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. स्टेनलेस स्टील परवडलं तर उत्तम, नाहीतर पावडर कोटिंगचा, पण सांध्यांवर नख फिरवून बघा, कोटिंग सुटत असेल तर घेऊ नका. वर सरकणारं दार बजी चोचीने उचलतो आणि मान अडकवून घेतो, त्याला बाहेरून कडी हवीच. प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्यांनी तळव्याला जखमा होतात. त्या काढून औषध न मारलेल्या पेरूच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवा, जाड-बारीक दोन्ही.

पोपटाचं मात्र भावाला स्पष्ट नाही म्हणा. आपला देशी पोपट घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आता ग्रिल. लालबागच्या चाळीत मीही पिंजरा गॅलरीत टांगायचे. एका सकाळी किंकाळी ऐकून धावले, तर कावळ्याने गजातून बाहेर आलेला पाय धरला होता. माझ्या निळ्या नराचं एक बोट गेलं. पुढे तो सात वर्षं जगला, पण दांडीवर बसताना तो पाय आधी चाचपायचा, मग टेकवायचा. ते बघून दर वेळी माझ्या पोटात कालवायचं. तेव्हा पिंजरा आत घ्या, भिंतीला टेकवून, आपल्या डोळ्यांच्या उंचीला. लहान घरात ओटा जवळच असतो, म्हणून नॉनस्टिक तवा बंदच करा. तो रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. बिडाचा तवा काढा. डासांची कॉइलही त्या खोलीत नको.

ट्रेमधला पेपर रोज बदला, पाण्याची वाटी दांडीखाली ठेवू नका. ट्रे आठवड्याला गरम पाण्याने धुवा. पावसाळ्यात त्यांच्या खाण्याचं राळं थोडंच आणा, कुबट वास आला की टाकून द्या.

पेपर बदलताना शी बघत जा. हिरव्याची शी पाण्यासारखी हिरवी झाली, तो पिसं फुगवून बसला, ओकला किंवा एकसारखं पाणी पिऊ लागला, तर उद्यावर ढकलू नका. पक्षी बघणारे डॉक्टर जवळपास नसतील तर परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय गाठा. तो तार चावायचा हे आधी सांगा, आणि जुन्या पिंजऱ्याचा भुकटी दिसेल असा जवळून काढलेला फोटो सोबत न्या.