दहा टक्के मोठे की साडेसात? आधी वजाबाकी करून बघा, मग भागाकार

प्रश्न थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एक ताई, हायस्कूलला मराठी शिकवतात. माहेरच्या शेताच्या वाटणीचे 4 लाख हातात आलेत. मुलगी आत्ता सहावीत गेली, बारावी झाली की तिच्या ॲडमिशनला हे पैसे लागणार, तोवर हात लावायचा नाही असं ठरवलंय. समोर तीन कागद आहेत: एका पतसंस्थेची "दामदुप्पट ठेव, दरसाल 10%", एका बँकेची साडेसात टक्क्यांची क्युम्युलेटिव्ह (व्याज मुद्दलात मिळवत जाणारी) एफडी आणि दिरांच्या मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्लॉटचा भाव. ताई लिहितात, "दीर म्हणतात दहा सोडून साडेसात कोण घेतं, आणि मलाही दिसतंय की पतसंस्थेची रक्कम शेवटी शेवटी उड्या मारत वाढते, बँकेची मात्र मुंगीच्या पावलाने. माझं गणित कच्चं आहे, तुम्हीच सांगा."

ताई, गणित कच्चं वगैरे काही नाही हो, तुम्ही आकडे नीट बघितलेत म्हणून तर "उड्या" दिसल्या. फक्त त्या उड्या खऱ्या नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोतला पतसंस्थेचा तक्ता असा आहे:

सुरुवात – 4,00,000
1 वर्ष – 4,40,000
2 वर्षं – 4,80,000
3 वर्षं – 5,20,000
5 वर्षं – 6,00,000
10 वर्षं – 8,00,000

आता डावीकडचा कॉलम बघा, 1, 2, 3 आणि मग एकदम 5, मग एकदम 10. चौथं वर्ष कुठं गेलं? सहा ते नऊ कुठं गेली? तुम्ही फक्त उजवीकडचे आकडे वजा केलेत, आधी 40-40 हजार, मग 80 हजार, मग 2 लाख, आणि वाटलं की वाढ जोर धरतेय. पण ते 80 हजार दोन वर्षांचे आहेत आणि 2 लाख पाच वर्षांचे, भागून बघा, वर्षाला परत तेच 40 हजार. म्हणजे पहिल्या वर्षी 40, दहाव्या वर्षीही 40, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. याला सरळव्याज म्हणतात, तुमच्या शाळेतले गणिताचे सर याला लिनिअर फंक्शन म्हणतील, आणि ते लिहायला एक ओळ पुरते: रक्कम = 4,00,000 + 40,000 × वर्षं. आलेख काढलात तर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ येईल.

एजंटने तुम्हाला "चक्रवाढ" असा शब्द वापरला म्हणालात, तो चुकून वापरला की मुद्दाम, मला माहीत नाही, पण कागदावर चक्रवाढ नाहीये एवढं नक्की.

आता बँकेचा तक्ता. तिथे प्रत्येक वर्ष दिलंय, बरं केलं. 4,00,000, मग 4,30,854, मग 4,64,089, मग 4,99,886. वजाबाकी करा: 30,854, 33,235, 35,797. सारखी येत नाही, वाढत चाललीय. तर इथे वजाबाकी सोडा आणि भागाकार करा, प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागा, फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो. 4,30,854 भागिले 4,00,000 म्हणजे 1.0771. पुढचा भागाकार पण 1.0771. त्याच्या पुढचा पण. वजाबाकी बदलते पण भागाकार सारखा, हीच चक्रवाढीची खूण, घातांकी वाढ म्हणा किंवा एक्स्पोनेन्शियल म्हणा. सूत्र: रक्कम = 4,00,000 × (1.0771 चा घात, जितकी वर्षं तितका). एक्सेल येत असेल तर =400000*1.07714^7 टाका, सातव्या वर्षाचे साधारण 6,72,900 येतील.

तुम्ही विचाराल दर साडेसात आणि भागाकारातून पावणेआठच्या जवळ कसे काय निघाले. बँक दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात टाकते, म्हणजे 7.5 चे चार तुकडे, 1.875 टक्के चार वेळा एकावर एक, त्याचे वर्षाचे 7.71 होतात. छापलेला दर आणि तक्त्यातला दर असे वेगळे निघतात म्हणून मी तरी कागदावरच्या मोठ्या अक्षरातल्या टक्क्याकडे बघतच नाही, तक्ता मागतो आणि भागाकार करतो.

हाच भागाकार पतसंस्थेच्या तक्त्यावर केलात की गंमत कळेल. पहिल्या वर्षी 1.10, झकास. दुसऱ्या वर्षी 40 हजार मिळतात पण आता तुमचे 4,40,000 अडकलेत, म्हणजे 9.09 टक्के. आठव्या वर्षी 5.88. दहाव्या वर्षी 5.26. तुमचे पैसे तिथे जितके जास्त दिवस बसतील तितकं कमी काम करणार, आणि कागदावर मात्र दहाही वर्षं "10%" लिहिलेलं. दहा वर्षांत दुप्पट याचा चक्रवाढीतला खरा दर निघतो 7.18 टक्के, बस. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा दर एप्रिल 2023 मध्ये 7.5 झाला तेव्हा दुप्पट व्हायची मुदत ठरली 115 महिने, आणि तिथे हमी भारत सरकारची. म्हणजे "साडेसात"वाला 115 महिन्यांत दुप्पट करतोय आणि "दहा"वाला 120 महिने घेतोय. दिरांना एवढं एकच वाक्य सांगा.

(जाता जाता, दामदुप्पट हा शब्दच बघा कसा फिरलाय, तुम्ही मराठीच्या म्हणून सांगतो. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपट हा कर्जदाराला वाचवणारा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त एकावेळी वसूल करता यायचं नाही, आपल्या मुंबई इलाख्यात कोर्टं तो पाळायची. सावकाराला लावलेला तो ब्रेक होता, आता ठेवीच्या जाहिरातीत जाऊन बसलाय.)

पण थांबा, लगेच चक्रवाढ जिंकली असं म्हणू नका, इथेच बरेच लोक घाई करतात. तुम्हाला पैसे दहा वर्षांनी नाही, सात वर्षांनी लागणारेत. दोन्ही सूत्रांत 7 टाका. पतसंस्था 4,00,000 + 2,80,000 म्हणजे 6,80,000. बँक 6,72,904. सरळव्याज सात हजारांनी पुढे! आठव्या वर्षी बँक पुढे जाते, 7,24,810 विरुद्ध 7,20,000, आणि मग अंतर वाढतच जातं, दहाव्या वर्षी बँक 8,40,940 ला आणि पतसंस्था 8 लाखांवर. म्हणजे रेघ आणि वाक कुठे एकमेकांना कापतात हे बघायचं, आणि तुमची गरज त्या जागेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे बघायचं. तुमची गरज बरोबर अलीकडे आहे. दीर अगदीच चुकलेले नव्हते म्हणा.

मी पण दोन मिनिटं विचारात पडलो होतो, मग तुमचा फोटो झूम करून बघितला. सगळ्यात खाली बारीक अक्षरात आहे: मुदत 10 वर्षं, मुदतीपूर्वी मोडल्यास 6% सरळव्याज. म्हणजे सातव्या वर्षी मोडलीत तर ते मागच्या सगळ्या वर्षांचे 40 हजार पुसून 24 हजार करणार, सूत्रातला पहिला आकडा तोच, दुसरा बदलला: 4,00,000 + 24,000 × 7 = 5,68,000. बँकेपेक्षा 1,04,904 कमी. तो 6,80,000 चा आकडा तुमच्या हातात कधी येणारच नाही, तो त्या तक्त्यात नाहीचे, तुम्ही-आम्ही सूत्रातून काढला. तरीसुद्धा मन होत नसेल तर पतसंस्थेत जाऊन एकच विचारा, "मला दहा वर्षांची नको, एक-एक वर्षाची ठेव 10 टक्क्यांनी द्या, दरवर्षी व्याजासकट रिन्यू करते." हो म्हणाले तर ती खरी चक्रवाढ होईल, 1.10 चा सातवा घात, 7,79,000 च्या वर. मला नाही वाटत हो म्हणतील.

सुरक्षिततेचा मुद्दा मी उगाच भीती घालायला काढत नाहीये, पण तो आकड्यांतच बसतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, 2020 मध्ये ही मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली, सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था मात्र येत नाहीत. आणि हे 5 लाख मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून, एका माणसाचे एका बँकेतले सगळे पैसे मिळून. आता बँकेचा तक्ता परत बघा, तिसऱ्या वर्षी 4,99,886! म्हणजे चौथ्या वर्षापासून तुमची वरची रक्कम विम्याच्या बाहेर. म्हणून 4 लाख एका ठिकाणी ठेवू नका. 2-2 लाखांच्या दोन पावत्या, दोन वेगळ्या बँकांत, सात वर्षांची मुदत. प्रत्येकी 2,00,000 चे सातव्या वर्षी 3,36,452 होतात, पूर्ण विम्याच्या आत. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे ती शक्यतो टाळा, कारण तिथली शिल्लकही त्याच 5 लाखांत मोजतात. दुसऱ्या बँकेचा दर पाव टक्का कमी मिळाला तरी मी घेईन.

व्याजावर टॅक्स लागतो, पैसे शेवटी मिळाले तरी दरवर्षीचं व्याज त्या त्या वर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं. टीडीएसची (बँक व्याजातून आधीच कापते त्या टॅक्सची) मर्यादा एप्रिल 2025 पासून एका बँकेत वर्षाला 50 हजार आहे, दोन पावत्यांत तुम्ही त्याच्या जवळपासही जात नाही, पण टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं समजू नका. सुकन्या समृद्धी विचाराल म्हणून आधीच सांगतो, खातं मुलगी 10 वर्षांची व्हायच्या आतच उघडता येतं, सहावीतल्या मुलीसाठी ती वेळ गेली. किसान विकास पत्रही इथे नको, सात वर्षांनी मोडलंत तर पूर्ण दराने मिळत नाही.

राहिला प्लॉट. मेसेजमध्ये गुंठ्याचा भाव 2015 ला 2 लाख, 2020 ला 3 लाख, 2025 ला साडेचार लाख, आणि खाली "5 वर्षांत 50%, म्हणजे वर्षाला 10% पक्के". वजाबाकी 1 लाख आणि दीड लाख, सारखी नाही, भागाकार दोन्ही वेळा 1.5, म्हणजे ही चक्रवाढीची जात. पण 50 ला 5 ने भागून 10 येत नाही, चक्रवाढीत भागायचं नसतं, पाचवं मूळ काढायचं असतं. फोन आडवा केला की बऱ्याच फोनमध्ये घाताचं बटण दिसतं, 1.5 चा 0.2 वा घात काढा, 1.0845 येईल. वर्षाला साडेआठच्या आत, दहा नाही.

आणि आकडे किती गुळगुळीत आहेत बघा, 2, 3, साडेचार. मला असे गोल आकडे बघितले की शंका येते. मधला 2020 चा आकडा 3 च्या जागी सव्वातीन असता तर हीच सरळ रेघ झाली असती, वर्षाला 25 हजार, म्हणजे अख्खं सूत्र त्या एका आकड्यावर टांगलेलं आहे आणि तो आकडा सांगितलाय विकणाऱ्याच्या मित्राने. खरा व्यवहार झालेली खरेदीखतं बघितली का कोणी? बँकेच्या तक्त्यात पुढचे आकडे करारात लिहिलेले असतात, इथे मागचे आकडे आहेत आणि पुढची ओळ आपण आपल्या मनाने ओढतोय. वर तुमच्याकडे 4 लाख आणि गुंठा साडेचारचा, म्हणजे 50 हजार आणि स्टँप ड्युटी खिशातून, एनए (बिगरशेती) आहे की नाही ते मेसेजमध्ये नाही, नसेल तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचं लफडंही असू शकतं. आणि मुलीच्या ॲडमिशनच्या जूनमध्येच गिऱ्हाईक मिळेल याची खात्री कोण देणार. जमिनीची हौस असेल तर वेगळ्या पैशांनी करा, या चार लाखांनी नको.

तर माझ्या मते दोन बँका, दोन पावत्या, क्युम्युलेटिव्ह लिहून घ्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस तिमाही व्याज खात्यात जमा होणारी करून देतो आणि मग व्याज खर्च होतं, चक्रवाढ राहते कागदावर. पावतीवर मॅच्युरिटीची रक्कम छापलेली असते, 2 लाखांना 3,36,452 च्या आसपास दिसते का ते तिथेच उभं राहून बघा, 3,05,000 दिसली तर ते सरळव्याज लावलंय, लगेच बदलून घ्या. नॉमिनी मिस्टरांना करा, मुलगी सज्ञान होईपर्यंत तेच सोपं पडेल. पावती झाली की तिचा फोटो मला पाठवा, खातेनंबर झाकून.